टेम्पोत कोण बसणार?

‘पुणे ते गोवा, सायकलवर! ८ दिवस, रोज फक्त ८० किलोमीटर!’ खाली समुद्र, सूर्यास्त आणि हवेत उड्या मारणारी सहा माणसं. दिवाळीचा फराळ संपला की असे मेसेज ग्रुपवर यायला लागतात. मग ‘चल ना यार’, ‘लाईफमध्ये एकदा तरी’ वगैरे. गेल्या वर्षी मी असाच एक फोटो बघून पैसे भरले होते. त्यातल्या ‘फक्त’ या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

पुण्यातले ८० आणि कोकणातले ८० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, बॉस. कोकणातला सागरी रस्ता खाडी आली की खाली उतरतो आणि खाडी संपली की पुन्हा सड्यावर चढतो. दिवसभर हेच. उतारावर कमावलेला सगळा आनंद पुढच्या चढावर व्याजासकट परत द्यायचा.

तर झालं असं. बागमांडल्याच्या जेट्टीवर मी शेवटची पोचले. पहिली फेरीबोट गेली होती, आमचा सपोर्ट टेम्पोही तिच्यातूनच. मी पुढच्या बोटीने वेशवीला उतरले, तर आमच्यातलं कुणीच नाही. डिसेंबरात सहाला सूर्य गुल होतो. समोर चढ, मोबाईलला रेंज नाही आणि माझा लाईट कुठे? टेम्पोतल्या बॅगेत! सायकल ढकलत मी अक्षरशः रडत होते. मागून एक काका बाईकवरून आले. काही न विचारता त्यांनी बाईक माझ्यामागे ठेवली आणि हेडलाईटच्या उजेडात मला केळशीपर्यंत आणून सोडलं. तिकडे आमची गँग सोलकढी पीत बसलेली. लीडर म्हणाला, ‘अरे, आम्हाला वाटलं तू पुढे गेलीस!’

म्हणजे कुणी डोकी मोजलीच नव्हती.

त्यामुळे यंदा माझा पहिला प्रश्न ठरलाय: सगळ्यात शेवटी सायकल कोण चालवतं? चांगल्या ग्रुपमध्ये त्या माणसाला ‘स्वीप’ म्हणतात आणि त्याचं नाव आयोजक ताबडतोब सांगतो. ‘आपला टेम्पो असतो ना मागे’ असं उत्तर आलं, तर तो टेम्पो दुपारी जेवणाची ऑर्डर द्यायला पुढे जातो का, तेही विचारून घ्या. जातो!

दुसरा प्रश्न, रोजचा चढ किती मीटर? पुणेकरांसाठी हिशेब सोपा आहे. सिंहगडाच्या पायथ्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण ६०० मीटर चढ. कुणी दिवसाला १२०० मीटर सांगितलं, तर ८० किलोमीटर चालवता चालवता दोनदा सिंहगड. आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा तेच! म्हणून टूरआधी शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस सलग चालवून बघा. रविवारी सकाळी सीटवर बसताना चेहरा कसा होतो, तीच खरी टेस्ट. मुलींनो, वाटेत टॉयलेटची काय सोय आहे हेही बिनधास्त विचारा. मी लाजले आणि मग दिवसभर पाणीच प्यायले नाही. महामूर्खपणा!

बाकी ऑप्शन्स भरपूर आहेत. २००८ साली सुरू झालेली टूर ऑफ नीलगिरीज आहे, पण तिथे अर्ज करून निवड व्हावी लागते आणि कल्हट्टी घाटात ३६ हेअरपिन वळणं. आपला लांबूनच सलाम. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या सायकल मोहिमा खिशाला परवडतात, राहणं-खाणं साधं. अगदी पहिलीच वेळ असेल तर पंढरपूरची सायकलवारी बेस्ट. सोलापूर रोडने २०० किलोमीटरच्या वर अंतर भरतं, पण मोठा घाट लागत नाही आणि आषाढातला पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. परतताना तोच वारा तोंडावर, म्हणून येतानाची सोय आधी बघून ठेवा.

आता खरी गोची. यंदा माझ्या फ्रेंड्सचा प्लॅन ठरलाय, गोवा ६ दिवसांत. फुल स्पीड. आणि परवा जेवताना बाबा सहज म्हणाले, ‘मी पण येऊ का गं तुझ्याबरोबर?’

बाबा ६२ वर्षांचे आहेत. दारात लुना येईपर्यंत ते कसब्यातून खडकीला रोज सायकलने कामावर जायचे. पण त्यालाही आता ३० वर्षं झाली. ‘झेपेल का तुम्हाला?’ असं मी म्हणाले, ते जरा जास्तच पटकन. ते काही बोलले नाहीत, आमटी वाढून घेतली.

रविवारी त्यांना सिंहगडला घेऊन गेले. अर्ध्यावर ते शांतपणे उतरले आणि सायकल ढकलायला लागले. शंभर पावलं ढकलायची, मग पुन्हा चालवायची. वर पोचून ताकाचा ग्लास हातात घेत म्हणाले, ‘आम्ही घाटात उतरायचोच. त्यात काय एवढं?’ मी मात्र गेल्या वर्षी टेम्पोत बसावं लागू नये म्हणून गुडघा दुखतोय हे तीन दिवस लपवलं होतं.

फ्रेंड्सना मी नाही कळवलंय. थोडी हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू. काल एका वेगळ्या ग्रुपला फोन केला. १० दिवस, १४ माणसं, मध्ये एक दिवस आराम. स्वीपचं नाव विचारलं, तर बाई म्हणाल्या, ‘मीच.’ फेरीबोटीला डोकी मोजता का? ‘चढताना आणि उतरतानाही.’ टेम्पोत बसलं तर? ‘बसा की, दोन सीट त्यासाठीच रिकाम्या ठेवतो.’

बाबा शेजारून खुणा करत होते. मला वाटलं, बीपीच्या गोळ्यांचं विचारायचं असेल, म्हणून फोन त्यांच्याकडे दिला.

‘रात्री भात असतो ना हो?’