निदानाआधीचे शब्द

'निदान' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. वैद्याने केलेली रोगाची ओळख म्हणजे निदान. आणि 'निदान ऐकून तरी घ्या' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ 'किमान' असा होतो. डॉक्टरांना रोग ओळखण्यास साहाय्य करणाऱ्या संगणकप्रणालींच्या चर्चेत पहिल्या अर्थाचा पुष्कळ विचार होतो. दुसऱ्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे, असे मला वाटते.

अशा प्रणालींच्या इतिहासात 'मायसिन'चे नाव अग्रभागी घेतले जाते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ती घडवली गेली. रक्तातील जंतुसंसर्ग ओळखून औषध सुचवण्यासाठी तिच्यात 'अमुक असेल तर तमुक' अशा स्वरूपाचे शेकडो नियम घातलेले होते. चाचण्यांत ती तज्ज्ञांच्या तोडीची ठरली. तरी रुग्णालयाच्या नित्य व्यवहारात ती कधीच आली नाही. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर डॉक्टरने बसून टंकित करावे लागे, हे त्याचे एक कारण.

त्याच दशकात तेव्हाच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात दुसरा प्रयोग चालू होता. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड या अवर्षणग्रस्त भागात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या स्त्रिया तेथे आरोग्यसेविका झाल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित कुटुंबांतल्या. हगवण, न्यूमोनिया, क्षय, कुष्ठरोग, गरोदरपणातील धोके ओळखायला त्या ऐकून आणि बोलून शिकल्या. त्यांच्या स्मरणातही 'अमुक असेल तर तमुक' असेच नियम होते. फरक होता तो प्रश्न विचारणाऱ्या तोंडाचा. विचारणारी बाई त्याच गावची, त्याच पाणवठ्यावरची होती. म्हणून तिला उत्तर मिळे.

हे उत्तर कोणत्या भाषेत येते? 'अंगात कसकस आहे', 'पोटात गोळा उठतो', 'जीव घाबरा होतो'. यातल्या शेवटच्या वाक्यामागे हृदयविकार असेल, रक्तक्षय असेल किंवा घरातली दहशतही असेल. प्रणालीच्या रकान्यात मात्र 'छातीत धडधड' एवढीच खूण उमटते. रकाना भरणारा माणूस येथे भाषांतरकार असतो, आणि मूळ संहिता कुठेच जतन होत नाही. पुढचे सारे गणित अचूक असले, तरी ते या भाषांतरावर चालते.

शिवाय 'दुखणे अंगावर काढणे' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार न सांगितलेल्या रोगांसाठीच घडलेला आहे. त्याची व्याप्ती गडचिरोलीत मोजली गेली. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. जे कुणी विचारलेच नाही, ते कोणत्या यंत्रात भरणार?

याचा अर्थ यंत्र नको असा नव्हे. क्षयरोगाच्या चाळणीत छातीचे क्ष-किरण चित्र तज्ज्ञाऐवजी संगणकाने वाचावे, अशी मुभा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिली, ती पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींसाठी. जिथे तज्ज्ञच नाही, तिथे ही मदत मोलाची आहे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत थकलेला डॉक्टर जे विचारायला विसरतो, ते यंत्र विसरत नाही, हेही मान्य करावे. पण छायाचित्राला बोलावे लागत नाही, माणसाला लागते.

रुग्णाचे बोलणे ऐकून टिपून घेणाऱ्या प्रणाली आता येत आहेत. त्यांना पुस्तकी मराठी आधी कळेल, पाथर्डी-जामखेडकडची बोली मागाहून, अशी मला भीती वाटते. येथे मराठी विभागांना करण्याजोगे काम आहे. आपले विद्यार्थी ओव्या आणि म्हणी गोळा करतात, तसेच त्यांनी आपापल्या गावातले दुखण्याचे शब्द गोळा करावेत. कोणता शब्द सासूपुढे उच्चारला जातो, कोणता फक्त मैत्रिणीपाशी, आणि कोणता डॉक्टरसमोर गिळला जातो, हेही नोंदवावे. रोग ओळखण्याचे काम डॉक्टर आणि यंत्र मिळून करतील. त्यांच्यापुढे येणारे शब्द रुग्णाचेच असावेत, निदान एवढे तरी भाषेच्या माणसांनी पाहावे.