अफूच्या पैशावर लढलेले युद्ध

अमली पदार्थांचे खटले चालवण्यात माझ्या वकिलीची बरीच वर्षे गेली. तिथे सगळे काही मुद्देमालाभोवती फिरते. पुडके पंचांसमोर उघडले का, वजन कोणी केले, लाखेचे सील शाबूत आहे का, यावर तासन्‌तास उलटतपासणी चालते. अडीच किलोहून जास्त अफू सापडली की ‘व्यावसायिक मात्रा’ आणि किमान दहा वर्षे सक्तमजुरी. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र बहुतेक वेळा पिशवी वाहणारा गरीब माणूस असतो. पण सरकारनेच अफू विकून युद्ध चालवले तर?

हा प्रश्न टोकियोच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणासमोर आला होता. जपानने १९३१ मध्ये मांचुरियावर हल्ला केला आणि पुढच्या वर्षी मांचुकुओचे बाहुले राज्य उभे करून अफूची सरकारी मक्तेदारी सुरू केली. या मक्तेदारीचा नफा तारण ठेवून तीन कोटी येनचे कर्ज उभारण्यात आले. १९३७ नंतर हाच धंदा चीनच्या व्यापलेल्या शहरांत पसरला. शांघायमध्ये तो एकेकाळचा पत्रकार हाजिमे सातोमी सांभाळत होता; माल इराणहून आणि अंतर्गत मंगोलियातून येई. नानजिंगमध्ये माइनर बेट्स हे इतिहासाचे प्राध्यापक होते. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्यांचा त्यांनी १९३८ मध्ये केलेला अंदाज सुमारे ५० हजारांचा होता. व्यापण्यापूर्वी त्याच शहरात अफूची उघड विक्री जवळपास संपली होती. बेट्स यांनी न्यायाधिकरणासमोर साक्षही दिली.

जपानने १९१२ च्या हेग अफू करारावर सही केलेली होती. न्यायाधिकरणाने १९४८ च्या निकालपत्रात स्पष्ट म्हटले की, मांचुरियातल्या कारवायांसाठी पैसा उभारणे आणि चिनी जनतेची प्रतिकारशक्ती खच्ची करणे, अशा दोन्ही हेतूंनी हा व्यापार वाढवला गेला. मांचुकुओच्या आर्थिक कारभाराचा सूत्रधार नाओकी होशिनो याला जन्मठेप झाली. पण ती आक्रमक युद्धाबद्दल. अफूसाठी स्वतंत्र आरोप ठेवलाच नव्हता. सातोमी साक्षीदार म्हणून आला आणि खटला न होता सुटला. ही त्रुटी मला आजही अस्वस्थ करते.

काही जण म्हणतात, ब्रिटिशांनी तर चीनवर अफूसाठी युद्धे लादली, मग जपानलाच का दोष? युक्तिवाद अर्धा खरा आहे. शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि त्या पैशाचा मोठा वाटा आपल्याच शहरात मुरला, हे मुंबईकरांनी मान्य केले पाहिजे. पण ‘इतरांनीही केले’ हा कुठल्याच कोर्टात बचाव होत नाही. उलट, पहिला गुन्हा शिक्षेविना सुटल्यामुळेच दुसऱ्याचे फावले.

त्रिनिदाद आणि टोबॅगोने १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा विषय पुन्हा मांडला, तो अमली पदार्थांच्या तस्करीच्या चिंतेतूनच. न्यायालय झाले, पण १९९८ च्या रोम संविधीत नेमका तोच गुन्हा वगळला गेला. कंपाला येथील २०१० च्या आढावा परिषदेतही तो आत आला नाही. प्रत्येक तस्कराला हेगला नेले तर न्यायालय बुडून जाईल, ही भीती रास्त आहे. म्हणून व्याख्या अरुंद ठेवा. युद्धकाळात सत्ता किंवा सशस्त्र गट युद्धखर्चासाठी किंवा जनतेला लुळे करण्यासाठी अमली पदार्थांचा संघटित व्यापार चालवत असेल, तेवढाच गुन्हा त्यात घाला.

हा इतिहास संपलेला नाही. २०२३ मध्ये यादवीत होरपळणारा म्यानमार अफगाणिस्तानला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा अफू उत्पादक ठरला. त्याची सीमा आपल्या मणिपूर-मिझोरामला भिडते. भारत रोम संविधीचा सदस्य नाही. पण कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक आहे. हा प्रस्ताव जगासमोर भारतानेच मांडावा. पिशवी वाहणाऱ्याला दहा वर्षे आणि राज्ययंत्रणा वापरणाऱ्याला मोकळीक, याला न्याय म्हणता येणार नाही.