अठ्ठेचाळिशीतला रॅप

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाने रॅप करायचा तो कशावर? आंद्रे ३०००ला हा प्रश्न खरोखरच पडला होता. हा आउटकास्ट या जोडीतला अफाट रॅपर. २००६ नंतर त्याचा अल्बमच नव्हता. नोव्हेंबर २०२३मध्ये ‘न्यू ब्लू सन’ आला, तर त्यात रॅप औषधालाही नाही, नुसती बासरी. मुलाखतीत तो म्हणाला, या वयात सांगायला उरतं काय? कोलोनोस्कोपी करून घ्यायचीय, नजर अधू होत चाललीय, यावर रॅप करू? वाचून हसू आलं आणि थोडं बोचलंही.

गंमत म्हणजे त्याला उत्तर पाच महिने आधीच मिळालं होतं, तेही त्याच्याच अटलांटा शहरातून, त्याच्याहून जेमतेम महिनाभराने मोठ्या असलेल्या माणसाकडून. १६ जून २०२३ला किलर माइकचा ‘मायकल’ आला. अकरा वर्षांनी काढलेला एकट्याचा अल्बम, आणि त्यावर नाव घरच्यांनी ठेवलेलं. मुखपृष्ठावर त्याचा लहानपणीचा फोटो. डोक्यावर देवदूताचं वलय आणि सैतानाची शिंगं, दोन्ही.

मायकल रेंडर जन्मला तेव्हा त्याची आई सोळा वर्षांची होती. पोर वाढलं ते आजी-आजोबांकडे. वडील पोलिसात. रॅपमध्ये त्याला हात दिला आउटकास्टने; त्यांच्या ‘द होल वर्ल्ड’ गाण्यात तो होता आणि त्यासाठी २००३मध्ये ग्रॅमीही मिळालं. पुढे बरीच वर्षं तो चांगला पण दुसऱ्या रांगेतलाच राहिला. २०१२मध्ये एल-पी या न्यूयॉर्कच्या निर्मात्यासोबत ‘आर. ए. पी. म्युझिक’ केला, मग दोघांनी ‘रन द ज्युवेल्स’ ही जोडी काढली आणि नशीब पालटलं. ‘मायकल’ येईतोवर माइक गायकापेक्षा वक्ताच जास्त झाला होता. बर्नी सँडर्सचा प्रचार केला, केशकर्तनालयं काढली, नेटफ्लिक्सवर कार्यक्रम केला. मे २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अटलांटा पेटलं, तेव्हा महापौरांनी बोलावलेल्या पत्रकार परिषदेत हा पोलिसाचा पोरगा रडत उभा राहिला आणि शत्रूवरच्या रागापायी स्वतःचं घर जाळू नका म्हणाला. पुढारीच म्हणा ना.

पुढाऱ्याने अल्बम काढला की धास्ती वाटते. ‘मायकल’मध्ये मात्र हा वक्ता बराच वेळ बाजूला बसतो, आणि अल्बम तिथेच जिंकतो. ‘मदरलेस’ घ्या. आजी २०१२मध्ये गेली, आई २०१७मध्ये. एरवी माइकचा आवाज म्हणजे ढोल, पण इथे तो खाली येतो, जवळ येतो. एरिन ॲलन केन ही गायिका मागून त्याला सावरून धरते. शोकगीतं रॅपला नवी नाहीत, पण ती बहुधा गोळीने गेलेल्या जवान मित्रांसाठी असतात. केस पिकायला लागल्यावर पोरकं होणाऱ्या माणसाचं दुःख तिथे क्वचित ऐकू येतं.

माझ्या मते ‘स्लमर’ त्याहून सरस आहे. कोवळ्या वयातलं प्रेम, मुलीला दिवस जाणं, गर्भपात. पंचविशीतला रॅपर यात एक तर फुशारकी मारेल, नाही तर नीतीपाठ देईल. माइक दोन्ही टाळतो. त्या मुलीकडे इतक्या वर्षांनी मागे वळून बघताना त्याच्या स्वरात अपराधीपणाही आहे आणि माया तर आहेच. ‘समथिंग फॉर जंकीज’मागे व्यसनात अडकलेली मावशी आहे. ज्यांना जग गर्दुल्ले म्हणून मोकळं होतं, ती याच्या घरची माणसं.

कार्यकारी निर्माता नो आय. डी. शिकागोचा हा मुरलेला निर्माता जे-झीच्या ‘४:४४’मागेही होता. तो २०१७चा अल्बमही सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने घरातल्या गोष्टी मांडणारा. मध्यमवयीन रॅपरना बोलतं करण्याची त्याची हातोटी असावी. ‘मायकल’मध्ये चर्चचा ऑर्गन आणि समूहगान सगळीकडे पाझरत राहतं, तरी अल्बम भजनी होत नाही.

खोट आहेच. टीकाकारांची जिरवायला घेतली की माइक पुन्हा व्यासपीठावर चढतो. २०१८मध्ये बंदुकवाल्यांच्या वाहिनीला मुलाखत दिली म्हणून डाव्यांनी त्याला धारेवर धरलं होतं, रिपब्लिकन गव्हर्नरला भेटला तेव्हाही. त्याचे उट्टे तो इथे काढतो. ती गाणी जोरकस आहेत, पण परत लावावीशी वाटत नाहीत.

समीक्षकांनी अल्बम उचलून धरला. पण खरा कल्ला झाला ४ फेब्रुवारी २०२४ला, लॉस एंजेलिसमध्ये. रॅपच्या चारपैकी तीन ग्रॅमी माइकने नेली, टीव्हीवरच्या मुख्य सोहळ्याच्या आधीच. सर्वोत्तम रॅप अल्बमसाठी समोर होते ट्रॅव्हिस स्कॉट, नास, मेट्रो बूमिन आणि ड्रेक-ट्वेंटीवन सॅव्हेज. चाहते खवळले: हा म्हातारा कोण, ऐकतं कोण याला? ट्रॅव्हिस स्कॉटने त्याच रात्री मंचावर खुर्च्या आपटल्या. विक्रीच्या आकड्यांवर निवाडा करायचा तर चाहत्यांचं बरोबर, पण मग परीक्षक हवेत कशाला? स्कॉटच्या ‘युटोपिया’चा आवाज प्रचंड आहे, कबूल, आत माणूस शोधावा लागतो.

ग्रॅमी मिळाल्यावर काही वेळातच सुरक्षारक्षकाशी झटापट झाली म्हणून पोलिसांनी माइकला बेड्या घालून नेलं. पुढे त्याने समाजसेवा पूर्ण केली आणि खटला भरलाच गेला नाही. पण दुसऱ्या दिवशी जगभर फिरलं ते बेड्यांचं चित्रण. तीन ग्रॅमींची बातमी दुसऱ्या परिच्छेदात, अल्बममध्ये काय आहे हे कुठेच नाही. कृष्णवर्णीय, धिप्पाड आणि नावात ‘किलर’, एवढं असलं की बातमीदारांचं काम सोपं होतं.

तिन्हीतली दोन ग्रॅमी ज्या एका गाण्याला मिळाली, त्या ‘सायंटिस्ट्स अँड इंजिनिअर्स’मध्ये फ्यूचर आहे, केन आहे, आणि आंद्रे ३०००ही आहे. सांगायला काही उरलं नाही म्हणणारा तोच. त्याचं कडवं नेमकं, तिरकं, कुठे घसरेल याचा पत्ता न लागणारं आहे. पाठोपाठ माइक येतो आणि दबत नाही, हे मला विशेष वाटलं. बासरीचा अल्बमही वाया गेला नाही. पुढच्या वर्षी तो वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या नामांकनात होता. पण मी आंद्रेच्या त्या कोलोनोस्कोपीवरच्या रॅपची वाट बघतोय. माइकने घरचं सगळं सांगून टाकल्यावर आता त्यालाही सबब राहिलेली नाही.