सही बाईची, सभा कुणाची?

महिला सरपंच निवडून आली की सत्काराला कुणीतरी हमखास म्हणतं, 'आमच्या गावच्या इंदिरा गांधी!' टाळ्या पडतात. कोनला राहून मी भिवंडी तालुक्यातले असे बरेच सत्कार पाहिलेत. नंतर काय होतं तेही पाहिलंय. माझ्या माहेरच्या गावात सरपंचबाई भाकऱ्या थापत असताना प्रोसिडिंगची वही घरी यायची. पिठाचा हात पदराला पुसून त्या सही करायच्या. सभा त्यांच्या यजमानांनी कधीच उरकलेली असायची.

म्हणून या बायकांना मला 1971च्या विजयी इंदिराबाई नाही, 1966च्या सांगाव्याशा वाटतात. पंतप्रधान शास्त्रीजी गेले आणि काँग्रेसच्या बुजुर्गांनी मोरारजी देसाईंना अडवायला इंदिराबाईंना त्या खुर्चीसाठी पुढं केलं. बाई आहे, सांगू तसं ऐकेल, हा हिशोब. समाजवादी नेते लोहियांनी तर त्यांना 'गूंगी गुडिया' म्हटलं. जुलै 1969मध्ये याच बाईंनी मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं आणि 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. नोव्हेंबरात बुजुर्गांनी त्यांना पक्षातून काढलं, तरी सरकार टिकलं. आरक्षणातून आलेल्या प्रत्येक सरपंचबाईला ही वर्षं ठाऊक हवीत. बसवणाऱ्यांनी कशासाठीही बसवलेलं असो, खुर्चीचे अधिकार तिचेच.

पण पुढचंही झाकू नये. 25 जून 1975ला आणीबाणी आली आणि प्रश्न विचारणारे तुरुंगात गेले. त्यांत गोरेगावच्या मृणाल गोरे होत्या. नळाच्या पाण्यासाठी भांडून वर आलेल्या, महागाईविरुद्ध लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेल्या. 1977ला त्या लोकसभेत गेल्या आणि इंदिराबाई रायबरेलीत पडल्या. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा तेव्हाचीच. आमच्या सरपंचबाईंकडे धाडस इंदिराबाईंचं असावं, पण हंडा घेऊन दारात आलेल्या बाईचं ऐकून घेणं मृणालताईंचं.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदाच आहे. ती कागदावर उरकू नका. सरपंचबाईंनी स्वतः अध्यक्षस्थानी बसावं. नळ, गटार, गोदामांच्या गाड्यांनी खचलेला रस्ता, सगळं बायका सांगतील तसं वहीत लिहून घ्यावं आणि सही तिथंच, सगळ्यांसमोर करावी. यजमानांनी तोवर बाहेर थांबावं.