किल्ली मागा, भिंत पाडू नका

परवा ऑफिसखालच्या टपरीवर एका मित्राने चहासोबत माझं डोकंही खाल्लं. पठ्ठ्याने कोड एडिटरसाठी एक्स्टेंशन लिहिलं, रस्टमध्ये. वेबअसेम्बलीत कंपाइल केलं. होम फोल्डरमधली कॉन्फिग फाइल वाचायला गेला, तर एरर. "माझा लॅपटॉप, माझी फाइल, माझा कोड आणि मलाच नो एंट्री? सँडबॉक्स म्हणजे नुसती कटकट आहे!"

नाही रे बाबा. लॅपटॉप तुझा आहे, कबूल. पण एक्स्टेंशन जे लोक वापरणार, त्यांचे लॅपटॉप तुझे नाहीत.

मुळात वेबअसेम्बलीला फाइल ही भानगडच माहीत नसते. स्वतःची मेमरी आणि होस्टने दिलेली फंक्शन्स, बस्स. २०१९ साली 'वासी', म्हणजे वेबअसेम्बली सिस्टिम इंटरफेस आला, त्याने फाइली आणल्या, पण अट घालून. होस्टने जे फोल्डर आधीच उघडून हातात दिलंय तेवढंच दिसेल. बाकी डिस्क तुमच्यासाठी नाहीच.

आता व्हीएस कोड बघा. डेस्कटॉपवर तिथली एक्स्टेंशन्स तुमच्याच अधिकारांनिशी चालतात. कंस रंगवायला घेतलेलं एक्स्टेंशन तुमच्या एसएसएच कीज वाचू शकतं. फाइलीगणिक परवानगी कोणी विचारत नाही. हे चालतं तुम्हाला?

पण सँडबॉक्सवाल्यांनीही कॉलर ताठ करायचं कारण नाही. झेड एडिटरची एक्स्टेंशन्स वेबअसेम्बलीत चालतात, प्रोजेक्टमधली फाइल वाचायला रीतसर एपीआय आहे. छान. पण कुठला लँग्वेज सर्व्हर चालवायचा हे एक्स्टेंशनच सांगतं, आणि तो सर्व्हर धावतो सँडबॉक्सबाहेर, साधी प्रोसेस म्हणून. दाराला कुलूप, खिडकी सताड उघडी! मित्राने शेवटी असाच जुगाड केला. फाइल वाचणारा छोटा प्रोग्रॅम बाहेर चालवायचा. म्हणजे एका फाइलपायी अख्खं घर उघडं.

म्हणून भांडायचंच असेल तर योग्य गोष्टीसाठी भांडा. एक्स्टेंशनने आधी सांगावं, मला अमुक फाइल हवी, फक्त वाचायला. एडिटरने मालकाला विचारावं. हो म्हटलं तर तेवढीच फाइल द्यावी. अँड्रॉइडने २०१५ साली ६.० मध्ये ॲप चालू असताना परवानगी विचारायला सुरुवात केलीच की!

"लोक न वाचता 'हो' दाबतात," इति मित्र. दाबू देत. चुकून दिलेल्या एका 'हो'ने एकच फाइल जाते, सगळं होम फोल्डर नाही.

"पण एवढं करायला वेळ कोणाकडे आहे?"

टोकन चोरीला गेल्यावर रात्रभर पासवर्ड बदलायला असतो ना, तोच वेळ. असो. चहाचे पैसे मीच दिले :)