स्क्रू कुठाय?

कुठलीही नवीन वस्तू हातात आली की मी ती आधी उलटी करून बघतो. माऊस असो, मिक्सर असो, नाहीतर कोणी हौसेनं दाखवायला आणलेला नवाकोरा स्पीकर असो. खाली स्क्रू दिसले की जीवात जीव येतो. ते चांदणीच्या आकाराचे असोत, तीन पाकळ्यांचे असोत, कसलेही विचित्र असोत, आपली तक्रार नाही. त्यांना बसणारे बिट तापकीर गल्लीत मिळतात. पण स्क्रूच नसला, सगळं गोंदानं चिकटवून बंद केलेलं असलं, तर मी समजतो की ही वस्तू आपण विकत घेतलेली नाही, भाड्यानं आणलीये. फक्त भाडं सगळं एकदम भरलंय.

मित्रांच्या मते हा एक मानसिक आजार आहे. असेलही. पण गेल्या दोनतीन वर्षांत माझ्या शनिवार-रविवारच्या उद्योगांमधून हे मत पक्कं होत गेलंय आणि आज ते इथे ओकून टाकणार आहे. कॉफी घेऊन बसा.

सुरुवात गेमिंगपासून करू. माझा भाचा दहा वर्षांचा आहे. मध्यंतरी त्यानं फोन करून सांगितलं, "मामा, माझा माणूस आपोआप डावीकडे चालतो." मला एका सेकंदात रोग कळला. ज्यांनी कधी कंट्रोलर हातात धरलाय त्यांनाही कळला असेल. ह्याला म्हणतात ड्रिफ्ट.

कंट्रोलरवरच्या त्या अंगठ्यानं फिरवायच्या काडीखाली दोन छोटे पोटेंशिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो ना, त्याच जातीचा प्रकार. कार्बनच्या पट्टीवर धातूची एक बारीक जीभ घासत फिरते आणि ती पट्टीवर कुठे आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं. आता घासणारी वस्तू म्हटली की झीज आलीच. पट्टी झिजते, तिची भुकटी तिथेच साचते आणि काडी मधोमध असतानाही कंट्रोलरला वाटतं की पोरानं ती डावीकडे ढकललीये. पोराचा माणूस चालायला लागतो. रेडिओचं बटण दिवसातून दोनदा फिरतं. दहा वर्षांचं पोर ती काडी तासाला किती वेळा फिरवतं ते तुम्हीच बघा!

म्हणजे हा भाग झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. झिजण्याला माझी हरकत नाही, सायकलचं टायरही झिजतंच. पण टायर झिजलं म्हणून सायकल टाकून द्या असं कोणी सांगत नाही. आमच्या ताईला मात्र सर्व्हिस सेंटरवाल्यानं शांतपणे सांगितलं, "मॅडम, रिपेअर होत नाही, नवीन घ्या." कंपनीचं नाव देत नाही, कारण खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळतं.

मजा म्हणजे ह्यावर न झिजणारा उपाय जुनाच आहे. काडीच्या खाली चुंबक लावायचं आणि त्याचं क्षेत्र हॉल सेन्सरनं मोजायचं. काही घासतच नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्न येत नाही. हॉल इफेक्टचा शोध एडविन हॉलनं १८७९ साली लावला. बरं, हे फक्त प्रयोगशाळेत राहिलं असंही नाही. सेगाच्या १९९८ सालच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये असेच चुंबकवाले सेन्सर होते. तरी आजही मोठ्या कन्सोलच्या बहुतेक कंट्रोलरात घासणारी पट्टीच येते.

मी हॉल सेन्सरची काडी ऑनलाईन मागवली. किंमत दोन वडापाव पार्ट्यांएवढी. तिला चौदा पाय असतात आणि ते एकेक करून जुन्या सोल्डरमधून मोकळे करावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. सोल्डर ओढून घ्यायचा पंप, थोडं फ्लक्स आणि मागे जुनी गाणी. रविवारची अर्धी दुपार गेली. भाचा शेजारी बसून "आता हे काय? हे कशाला?" विचारत होता. शेवटचे तीन पाय त्यानंच सोल्डर केले. माझ्या पायांपेक्षा त्याचे पाय जास्त चकचकीत आले, पण ते जाऊ दे.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, काय राव, एका काडीचं केवढं पुराण! पण निदान कंट्रोलर उघडता तरी येतो. त्याच्यात चालणारा गेम उघडता येत नाही आणि खरी गोम तिथे आहे.

लहानपणी आमच्याकडे 'टीव्ही गेम' होता. पिवळी कॅसेट, तिच्यावर 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम' असं छापलेलं आणि आत खरे गेम वीसेक. (कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. त्यानं काही होत नव्हतं म्हणे, काढून परत बसवल्यामुळे संपर्क जुळायचा. फुंकरीतल्या ओलीनं उलट पत्रे खराब व्हायचे. तरी मी अजूनही फुंकरच मारीन.) ती कॅसेट आपली होती. शेजारच्याला देता यायची, त्याच्याकडून 'कॉन्ट्रा' आणता यायचा, आणि बनवणारी कंपनी बुडाली की तरली ह्याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नव्हतं.

आता हे बघा. युबिसॉफ्टचा 'द क्रू' नावाचा गाड्या पळवायचा गेम २०१४ साली आला. लोकांनी पैसे मोजून घेतला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले आणि गेम मेला. एकट्यानं खेळायचा म्हटलं तरी सर्व्हर लागायचा, त्यामुळे ज्यांच्याकडे डबीतली डिस्क होती त्यांच्याकडेही फक्त एक चकती उरली. ह्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपातल्या त्यांच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी फार मोठी नाही. सर्व्हर आयुष्यभर चालवा असं कोणी म्हणत नाहीये. बंद करताना गेम चालण्याजोग्या अवस्थेत सोडून जा, एवढंच.

कॅलिफोर्नियात तर २०२५ च्या सुरुवातीपासून कायदाच आलाय. डिजिटल माल विकताना ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल, तर ते दुकानदारानं स्पष्ट सांगायचं. म्हणजे 'विकत घ्या' ह्या बटणाचा अर्थ विकत घेणं असा होत नाही, हे आता सरकारला समजावून सांगावं लागतंय!

आणि दुसऱ्या टोकाला 'डूम' आहे. १९९३ सालचा गेम. इड सॉफ्टवेअरनं डिसेंबर १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला. तेव्हापासून जगभरचे रिकामटेकडे (आदरानं म्हणतोय) तो कशाकशावर चालवतायत. कॅल्क्युलेटरवर चालवला, प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर चालवला. उद्या ती कंपनी नसली तरी 'डूम' राहणार. बाकीच्या किती गेमांबद्दल असं म्हणता येईल?

असो. गेम मेला तर काय, एक करमणूक गेली. मला खरा झटका घरच्या पाण्याच्या टाकीनं दिला.

आईबाबा साताऱ्याला असतात. नळाचं पाणी सकाळी ठराविक वेळ येतं, खालच्या हौदातून वर टाकीत चढवायचं. टाकी भरली का हे बघायला बाबा शिडीनं गच्चीवर चढायचे. वय सासष्ट, एक गुडघा कुरकुरणारा. म्हणून मी त्यांना एक 'स्मार्ट' यंत्र आणून दिलं होतं. टाकी भरली की मोटर आपोआप बंद आणि फोनवर टिंग. वर्षभर छान चाललं. मग एके दिवशी अ‍ॅपमध्ये 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही' असा मेसेज यायला लागला आणि तो आजतागायत तसाच आहे. कंपनीचा फोन लागत नाही, वेबसाईट उघडत नाही. बाबा पुन्हा शिडीवर.

आता ह्यातला विनोद लक्षात घ्या. टाकी वर, मोटर खाली, मध्ये पंधरा-वीस फूट अंतर. टाकी भरली ही बातमी गच्चीवरून निघून दूरच्या कुठल्यातरी डेटा सेंटरला जाणार आणि तिथून परवानगी घेऊन तळमजल्यावर येणार. मध्येच डेटा सेंटरचं बिल कोणी भरलं नाही, म्हणून साताऱ्यात पाणी वाहून जाणार!

मग मी स्वतःच जोडणी केली. ईएसपी ८२६६ नावाची वायफायवाली चिप असते. तिचा बोर्ड दोनतीनशे रुपयांत येतो. टाकीच्या झाकणाला अल्ट्रासोनिक सेन्सर. तो आवाजाची एक लाट खाली सोडतो आणि पाण्यावर आपटून ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. एका सेंटीमीटरला जाऊन-येऊन साधारण ५८ मायक्रोसेकंद, सरळ भागाकार. स्वस्तातला उघडा सेन्सर टाकीतल्या वाफेनं लवकर गंजतो, म्हणून पाण्यात टिकणारा घ्यावा. पण त्याला वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आतलं काही दिसत नाही, तेव्हा तो पाण्याच्या सगळ्यात वरच्या पातळीपासून तेवढा उंच बसवायचा. खाली मोटरपाशी दुसरा बोर्ड, रिले आणि कॉन्टॅक्टर. (मोटर थेट त्या छोट्या निळ्या रिलेवर चालवू नका, आणि २३० व्होल्टची जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्या. मीही घेतली.) दोन्ही बोर्ड घरच्या राऊटरवरून एमक्यूटीटीनं बोलतात. ही पद्धत १९९९ मध्ये तेलाच्या पाईपलाईनवर उपग्रहामार्फत नजर ठेवायला काढली होती. आमच्या टाकीला पुरली. इंटरनेट गेलं तरी फरक पडत नाही.

आणि हो, आईच्या सांगण्यावरून एक मोठं हिरवं बटण बसवलं. "मला अ‍ॅप नको, दाबलं की मोटर चालू झाली पाहिजे." इतका नेमका स्पेक मला ऑफिसात कधी मिळालेला नाही :-)

आता दुसरी बाजू. ती मला चांगलीच माहीत आहे कारण माझा पगार तिकडूनच येतो. मी दिवसभर क्लाऊडवरचीच सॉफ्टवेअर लिहितो. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात, रात्री तीनला उठून बघणारा कोणीतरी लागतो (बहुतेक वेळा मी). तीन हजाराचं यंत्र एकदा विकून कुठलीही कंपनी दहा वर्षं सर्व्हर चालवू शकत नाही, हे मला मान्य आहे. गूगलनं स्टेडिया जानेवारी २०२३ मध्ये बंद केली तेव्हा लोकांचे हार्डवेअरचे आणि गेमचे पैसे परत दिले आणि कंट्रोलर साध्या ब्लूटूथवर चालेल अशी सोय करून दिली. म्हणजे सभ्यपणे निरोप घेता येतो. पण त्याआधी २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाचं घरातली उपकरणं चालवणारं यंत्र बंद पडलं. ती कंपनी नेस्टनं विकत घेतली होती. विकलेली, चालू असलेली यंत्रं एका तारखेला निकामी झाली. निरोप कसा घ्यायचा हे विकतानाच ठरवलेलं असलं पाहिजे, नंतर ते मालकाच्या मूडवर अवलंबून राहतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे काम घरातल्या घरात होऊ शकतं त्याला बाहेरचा सर्व्हर सक्तीचा नको. अ‍ॅप, आलेख, फोनवर टिंग, सगळं द्या, त्याचे महिन्याला पैसेही घ्या. पण ते बंद झालं तर मोटर चालू-बंद व्हायलाच हवी. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, नंतर एक पोर्टलही काढलं. चांगलंच आहे. पण त्यात भर सुट्या भागांवर आणि मॅन्युअलवर आहे. सर्व्हर हाही एक सुटा भागच आहे, असं मला वाटतं.

माझ्या एका सहकाऱ्याचा ह्यावर आक्षेप होता आणि तो मला अजून छळतो. तो म्हणाला, "तुझ्या टाकीचा सर्व्हर कोण आहे? तूच. उद्या तू जर्मनीला गेलास तर तुझे बाबा कोणाला फोन करणार?" बरोबर आहे की! घरी बनवलेल्या वस्तूला गॅरंटी नसते, सर्व्हिस सेंटर नसतं, आणि बनवणाऱ्याच्या डोक्यातली माहिती कुठे लिहिलेली नसते. कंपनी बुडणं आणि मुलगा परदेशी जाणं, टाकीच्या दृष्टीनं दोन्ही एकच.

म्हणून गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो तेव्हा सगळ्या जोडणीची आकृती मराठीत काढली, कुठली वायर कुठे, कुठला बोर्ड कुठल्या दुकानात मिळतो, सगळं लिहिलं आणि लॅमिनेट करून मोटरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. कोड एका पेनड्राईव्हमध्ये, तोही तिथेच. सगळ्यात वर ठळक अक्षरात: 'काहीच चालत नसेल तर लाल स्विच खाली करा, मोटर पूर्वीसारखी हातानं चालेल.' गल्लीतल्या वायरमनला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतलं. त्याला दोन ठिकाणी कळलं नाही, ते बदललं. बाबांनी 'अल्ट्रासोनिक' खोडून तिथे 'भोंगा' लिहिलं. आता तेच नाव पडलंय.