आपत्तीत ऐकायचे कुणाचे?

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. कृष्णा आणि दूधगंगा पात्र सोडून वाहत होत्या. कोल्हापूर-सांगलीकडे हाहाकार होता, तसाच तो आपल्या चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग या तालुक्यांतही होता. कॉलेजची पंधरा मुले घेऊन मी चिकोडी तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. मुलांना नावेत बसू द्यायचे नाही, एवढे आम्ही निघतानाच ठरवले होते. त्यामुळे आमच्या वाट्याला यादीचे काम आले. कोणत्या गल्लीतून किती माणसे बाहेर आली, किती राहिली, हे टिपून ठेवायचे.

काम सोपे वाटले होते. पण काठावर हुकूम सोडणारे तिघे होते. एक सरकारी नोकर, एक गावचे पुढारी आणि एक बाहेरगावच्या मदत मंडळाचे गृहस्थ. तिघेही मनापासून राबत होते. दोन दिवस त्यांपैकी कुणाच्याही डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. त्यांच्या तळमळीविषयी मला आजही शंका नाही. पण एकाने पाठवलेली नाव दुसरा अर्ध्या वाटेतून परत बोलावी, आणि भाकरीचे गाठोडे एकाच शाळेत दोनदा पोचे.

संध्याकाळी मी विचारले, "वरच्या गल्लीचे काय?" उत्तर मिळाले, "ती दुसऱ्या नावेकडे दिली." दुसऱ्या नावेबरोबरची यादी कन्नडमध्ये होती. तीत त्या गल्लीचे नाव 'मेलिन ओणी' असे होते, आणि त्यांना दुसऱ्याच कुणी सांगितले होते, "तिकडचे कॉलेजची पोरे बघताहेत." गल्ली एक, नावे दोन, याद्या दोन आणि सांगणारेही दोन. त्या गल्लीतली एक म्हातारी आणि तिचा नातू रात्रभर माळ्यावर बसून राहिले. सकाळी एका नावाड्याला हाक ऐकू आली म्हणून ते वाचले.

काठावर उतरल्यावर आजी रागावली नाही. चहाचा पेला हातात धरून तिने एवढेच विचारले, "मास्तर, तुमच्यातला म्होरक्या कोण हुता?"

मला उत्तर देता आले नाही. यादी माझ्या हातात होती.

परत आल्यावर या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. तेव्हा कळले की आजीचा प्रश्न फार मोठ्या माणसांनाही पडलेला आहे. १९७० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात वणवे पेटले. १३ दिवसांत १६ माणसे दगावली, ७०० हून अधिक इमारती जळाल्या, ५ लाख एकरांहून अधिक रान खाक झाले. पुढे तपासणी झाली. एका खात्याचा रेडिओ दुसऱ्या खात्याला ऐकू जात नव्हता. एकाच वस्तूला प्रत्येकाचे नाव वेगळे होते. एका अधिकाऱ्याच्या अंगावर पेलणार नाहीत इतकी माणसे होती, आणि शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेले नव्हते. माणसे शूर होती, पण मांडणी नव्हती. त्या अनुभवातून 'इन्सिडेंट कमांड सिस्टिम' नावाची पद्धत तयार झाली. आपल्याकडे २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, आणि २०१० साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने याच धर्तीवर मार्गदर्शक सूत्रे काढली. त्यांत जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. त्यांच्या हाताखाली एक प्रमुख, आणि प्रत्यक्ष काम, योजना व पुरवठा अशा तीन शाखा.

या पद्धतीचे मूळ नियम घरच्या चुलीपाशी समजतील इतके साधे आहेत. पहिला, प्रत्येकाचा वरिष्ठ एकच. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशी दोघांनी सांगितलेली गल्ली रिकामी होत नाही. दुसरा, एकाच्या हाताखाली तीन ते सात माणसे, शक्यतो पाचच. हे आपल्याला नवे वाटायचे कारण नाही. शिवछत्रपतींच्या घोडदळात २५ बारगिरांवर एक हवालदार आणि ५ हवालदारांवर एक जुमलेदार असे. तिसरा, सर्वांची भाषा साधी आणि नावे एकच. चौथा, जागा सोडताना पुढच्याला सगळे समजावून द्यायचे आणि "आता हे प्रमुख" असे सर्वांना ऐकू जाईल असे सांगायचे. पाचवा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. जो आधी पोचला तोच प्रमुख, आणि अधिक जाणकार येऊन रीतसर सूत्रे घेईपर्यंत तोच प्रमुख राहतो. नुसता हुद्दा मोठा म्हणून सूत्रे आपोआप हातात जात नाहीत. भेटीला आलेल्या मोठ्या माणसाने नाव वळवून घेणे या नियमात बसत नाही.

कुणी म्हणेल, ही तर हुकूमशाही झाली. आपल्या पिढ्या 'अधिकार' हा शब्द ऐकला की कान टवकारतात, आणि तसे टवकारावेतही. पण मला वाटते, खरी मनमानी त्या काठावर होती. ज्याचा आवाज मोठा त्याचा हुकूम चालत होता, आणि चुकल्यावर जबाब विचारायला कुणी सापडत नव्हते. नेमून दिलेला अधिकार कामापुरता आणि वेळेपुरता असतो. पाणी ओसरले की तोही संपतो, आणि हिशेब मात्र नावानिशी मागता येतो. स्वयंसेवकांचा उत्साह याने मरेल, असेही कुणी म्हणेल. माझी मुले रात्री रडली ती काम जास्त झाले म्हणून नव्हे. आपले काम नेमके कोणते होते हेच त्यांना कळले नव्हते.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला तर हा प्रश्न दुप्पट लागू आहे. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, सांगलीवरून आपल्या जिल्ह्यात येते आणि पुढे अलमट्टीच्या धरणाला मिळते. वाटेत तिला हद्दीचा दगड दिसत नाही. अशा वेळी एका राज्याने दुसऱ्याच्या हाताखाली जावे, असे ही पद्धत म्हणत नाही. दोन्हीकडच्या प्रमुखांनी एका खोलीत बसावे, एकच योजना ठरवावी, आणि प्रत्येकाने आपापल्या माणसांना तीच सांगावी, एवढेच तिचे म्हणणे आहे. भाषेचा वाद ज्याने त्याने खुशाल घालावा. गल्लीच्या नावाचा वाद मात्र पूर येण्याआधी मिटवून ठेवावा.

सरकारने काय करावे हे सांगून हात झटकणे मला पटत नाही. म्हणून आपल्यापुरते एक सुचवतो. दरवर्षी सत्र सुरू होताच पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेला आग लागली, वसतिगृहात पाणी शिरले, किंवा संमेलनात चेंगराचेंगरी झाली, तर प्रमुख कोण, तो नसेल तर कोण, आणि कुणाच्या हाताखाली कोणते पाच, हे कागदावर लिहून दारावर लावावे. प्रत्येक खोलीचे आणि जिन्याचे नाव मराठीत व कन्नडमध्ये शेजारी शेजारी लिहावे. वर्षातून एकदा घंटा वाजवून ते करूनही बघावे. प्रमुख प्राध्यापकच असला पाहिजे असे नाही. शिपाई मामांना जर सगळ्या किल्ल्या आणि वाटा ठाऊक असतील, तर त्या दहा मिनिटांपुरते प्राचार्यांनीही त्यांचे ऐकावे.

त्या गावी पुन्हा जाणे झाले, तेव्हा आजीच्या घरापुढे थांबलो होतो. तिने ओळखले, आत बोलावले, चहा केला. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. पण पुढच्या पावसात आमच्यापैकी कुणी कुठल्या काठावर उभा असेल, तर त्याच्यापाशी उत्तर तयार असावे, म्हणून हे लिहिले.